भविष्यनिर्वाह निधी, ऐच्छिक

कायद्याने बंधनकारक असलेल्या अंशदानाखेरीज आपल्या वेतनातून आणखी काही रक्कम दरमहा कापून घेण्यास नोकरदाराने मालकास लेखी संमती द्यावी, मालकाने ती त्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात भरावी आणि त्या रकमेस मूळ निधीइतकेच व्याज मिळावे, या व्यवस्थेस ‘ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधी’ असे म्हणतात. हा स्वतंत्र निधी नाही. त्यासाठी वेगळे खाते किंवा वेगळे पासबुक नसते. मूळ खात्यातील नोकरदाराचा हिस्सा वाढतो, एवढेच. तथापि बंधनकारक निधीत मालक नोकरदाराच्या बरोबरीने पैसे घालतो, तसे ऐच्छिक रकमेच्या बाबतीत घडत नाही. ती सर्वस्वी नोकरदाराची बचत असते. तिचे मुख्य वैशिष्ट्य असे, की पगार हातात पडण्यापूर्वीच ती बाजूला काढली जाते. खर्चानंतर उरेल ते शिल्लक टाकणे आणि शिल्लक टाकून उरेल ते खर्चणे, या दोन रीतींतील दुसरी रीत तीत वेतनपत्रकाच्या द्वारे पक्की केलेली असते.

प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेची तत्त्वे व कार्यपद्धती सांगताना मराठवाड्यातील बीड जिल्ह्याची उदाहरणे घेतली आहेत. अकरा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ लोकसंख्येच्या या जिल्ह्यात वेतनपत्रकावर नाव असलेला वर्ग लहान आहे. परंतु शासकीय व जिल्हा परिषदेचे कर्मचारी, अनुदानित शाळांतील शिक्षक, सहकारी साखर कारखान्यांतील कायम व हंगामी कामगार, वीजकेंद्रातील व एस. टी. तील कर्मचारी आणि नगरपरिषदांकडील कंत्राटी कामगार, असे त्याचे जवळजवळ सर्व प्रकार तेथे आढळतात. त्याचबरोबर ज्यांचे नाव कोणत्याही वेतनपत्रकावर नसते, अशा ऊसतोड कामगारांचा हा मोठा जिल्हा आहे. त्यामुळे या व्यवस्थेचा उपयोग व तिची मर्यादा ही दोन्ही तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

ऐतिहासिक आढावा : भारतात नोकरदारांच्या वृद्धापकाळासाठी निधी उभारण्याचे प्रारंभीचे प्रयत्न रेल्वे, शासन व काही पुढारलेले कारखानदार यांनी केले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. जमशेटपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी स्थापन झाला. शासकीय व रेल्वेच्या निधींना संरक्षण देणारा पहिला कायदा १८९७ मध्ये झाला व त्याची जागा १९२५ च्या भविष्यनिर्वाह निधी अधिनियमाने घेतली. या कायद्यांचा मुख्य हेतू निधीतील रक्कम सावकाराच्या जप्तीपासून वाचविणे हा होता. निधी उभारण्याची सक्ती त्यांत नव्हती. खाजगी उद्योगांतील निधी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे बहुसंख्य कामगार त्यापासून वंचित राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कोळसा खाणींतील कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतर १५ नोव्हेंबर १९५१ रोजी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा वटहुकूम निघाला व त्याचे रूपांतर ४ मार्च १९५२ रोजी अधिनियमात झाले. आरंभी हा कायदा सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांतील, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होता. १९६० च्या अखेरीस ही संख्या वीसवर आणली गेली. साखर उद्योगाचा समावेश १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. पुढे जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांच्या कामगारांना हे संरक्षण आरंभापासूनच कायद्याने प्राप्त झाले.

अंशदानाचा दर प्रथम वेतनाच्या सव्वासहा टक्के होता. तो पुढे आठ, दहा असा वाढत २२ सप्टेंबर १९९७ पासून बहुतेक आस्थापनांसाठी बारा टक्के झाला. मूळ निधीस १९७१ मध्ये कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची, १९७६ मध्ये ठेवसंलग्न विमा योजनेची आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची जोड मिळाली. बंधनकारक सदस्यत्वासाठी वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रु. करण्यात आली. सामाजिक सुरक्षेविषयीचे निरनिराळे कायदे एकत्र करणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आणण्यात आली. ठरलेल्या दरापेक्षा अधिक अंशदान देण्याची कर्मचाऱ्याची मुभा तीतही कायम ठेवलेली आहे.

विधिविषयक आधार : कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी योजना, १९५२ हिच्या परिच्छेद २९ मध्ये कर्मचाऱ्याचे अंशदान मालकाच्या अंशदानाइतके असावे, असे सांगून पुढे अशी तरतूद केली आहे, की कर्मचाऱ्याची इच्छा असल्यास तो ठरलेल्या दरापेक्षा अधिक अंशदान देऊ शकेल, मात्र मालकावर स्वतःचे अंशदान वाढविण्याचे बंधन राहणार नाही. ऐच्छिक निधीचा सर्व डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. हिच्याशी नेहमी गल्लत केली जाणारी दुसरी तरतूद परिच्छेद २६ मध्ये आहे. तीनुसार वेतनमर्यादेहून अधिक असलेल्या प्रत्यक्ष वेतनावर अंशदान देण्याची मुभा कर्मचारी व मालक यांच्या संयुक्त विनंतीवरून मिळते व अशा वेळी मालकास प्रशासनखर्चाचा भार स्वीकारावा लागतो. पहिल्या तरतुदीत अंशदानाचा दर वाढतो, तर दुसरीत तो दर ज्या वेतनावर आकारावयाचा ते वेतन वाढते.

अंशदान मूळ वेतन, महागाई भत्ता व कामबंद काळातील राखणावळ भत्ता यांच्या बेरजेवर आकारले जाते. मूळ वेतन कमी दाखवून उर्वरित रक्कम निरनिराळ्या भत्त्यांच्या नावे देण्याची प्रथा अनेक आस्थापनांत रूढ होती. सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट दिले जाणारे भत्ते मूळ वेतनाचाच भाग होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. नव्या संहितांतील वेतनाच्या व्याख्येत वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा भाग वेतनातच धरावा, असे म्हटले आहे. ऐच्छिक अंशदान टक्केवारीने ठरविणाऱ्याने आपल्या वेतनचिठ्ठीतील नेमकी कोणती रक्कम आधारभूत धरली आहे, हे प्रथम पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ऐच्छिक अंशदान वेतनाच्या शंभर टक्क्यांपर्यंत देता येते, असे सर्वत्र सांगितले जाते. निधीच्या नियमांपुरते ते खरे असले, तरी वेतनातून होणाऱ्या एकूण कपातीवर वेगळे बंधन असते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात ही मर्यादा सामान्यतः वेतनाच्या ५० टक्के व सहकारी संस्थेची देणी असल्यास ७५ टक्के होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत ती ५० टक्के ठेवली आहे. मराठवाड्यातील शिक्षक व कारखाना कामगार यांच्या वेतनातून कर्मचारी पतसंस्थेचे हप्ते कापले जाणे हे नित्याचे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने करारपत्र लिहून दिल्यास मालकास अशी कपात करून द्यावी लागते. कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते व व्यवसायकर वजा जाता किती वेतन मोकळे उरते, यावरच ऐच्छिक अंशदानाची खरी कमाल मर्यादा अवलंबून राहते.

कार्यपद्धती : प्रारंभ कर्मचाऱ्याच्या अर्जाने होतो. कायम अंशदानाव्यतिरिक्त किती टक्के किंवा किती रुपये कापावेत, कोणत्या महिन्याच्या वेतनापासून कापावेत, हे त्यात नमूद करून तो लेखाशाखेकडे द्यावयाचा असतो. बहुतेक आस्थापना आर्थिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे एप्रिलमध्ये असे अर्ज स्वीकारतात व वर्षाच्या मध्यात दर बदलू देत नाहीत. हे बंधन निधीच्या योजनेचे नसून आस्थापनेच्या सोयीचे असते. अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवणे हिताचे असते.

लेखाशाखा वेतनपत्रकातील कपातीच्या रकान्यात ही रक्कम चढविते. महिना संपल्यावर आस्थापना इलेक्ट्रॉनिक चलन-नि-विवरणपत्र तयार करते. त्यात प्रत्येक सदस्याचा सार्वत्रिक खाते क्रमांक, एकूण वेतन, निधीसाठी व निवृत्तिवेतनासाठी धरलेले वेतन, कर्मचाऱ्याचा हिस्सा, निवृत्तिवेतन निधीचा हिस्सा व मालकाचा उर्वरित हिस्सा असे रकाने असतात. ऐच्छिक रक्कम कर्मचाऱ्याच्या हिश्शातच मिळवून दाखविली जाते. विवरणपत्र भरून पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत रक्कम बँकेमार्फत जमा करावयाची असते. २०१४ पासून दिल्या जाणाऱ्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे नोकरी बदलली, तरी सदस्याची ओळख एकच राहते व जमा रक्कम त्यास स्वतः पाहता येते. बीड जिल्हा निधीच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील क्षेत्रीय कार्यालयाच्या कक्षेत येतो. जानेवारी २०२३ पासून दरमहा २७ तारखेच्या सुमारास जिल्हावार तक्रारनिवारण शिबिरे घेण्याचा उपक्रम निधी संघटनेने सुरू केला.

व्याज दरमहाच्या शिलकीवर आकारून वर्षअखेर जमा केले जाते. म्हणून विलंबाने भरलेल्या रकमेवर त्या काळाचे व्याज बुडते. व्याजाचा दर केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र शासन प्रतिवर्षी ठरविते. तो १९५२-५३ मध्ये ३ टक्के होता, १९९० च्या दशकात १२ टक्क्यांपर्यंत गेला, २०२१-२२ मध्ये ८·१० टक्क्यांवर आला आणि २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी ८·२५ टक्के होता.

हिशेबाचे उदाहरण : एखाद्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा २०,००० रु. आहेत व आस्थापना पूर्ण वेतनावर अंशदान देते, असे समजू. कर्मचाऱ्याचे बंधनकारक अंशदान १२ टक्क्यांप्रमाणे २,४०० रु. होईल. मालकाचेही तितकेच, परंतु त्यातील १५,००० रुपयांच्या ८·३३ टक्के, म्हणजे १,२५० रु. निवृत्तिवेतन निधीत जातील व १,१५० रु. भविष्यनिर्वाह निधीत पडतील. कर्मचाऱ्याने ८ टक्के ऐच्छिक अंशदान देण्याचे ठरविल्यास आणखी १,६०० रु. कापले जातील व खात्यात दरमहा एकूण ५,१५० रु. जमा होतील. हातात मिळणाऱ्या वेतनात घट मात्र १,६०० रुपयांचीच होईल. वीस वर्षे हाच क्रम राहिला व व्याजाचा दर ८·२५ टक्के कायम राहिला, तर केवळ या ऐच्छिक अंशदानाचे ३ लाख ८४ हजार रु. मुद्दल वाढून सु. ९ लाख ३७ हजार रु. होतील. दर कायम राहण्याची हमी नसल्याने हा आकडा दिशादर्शकच समजावयास हवा.

या वाढीव रकमेची गरज का भासते, हे निवृत्तिवेतनाच्या सूत्रावरून ध्यानात येते. १९९५ च्या योजनेनुसार मासिक निवृत्तिवेतन म्हणजे निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले पात्र सेवेची वर्षे भागिले सत्तर. १५,००० रु. वेतनमर्यादा व तीस वर्षांची पात्र सेवा धरल्यास ते सु. ६,४२८ रु. येते. त्यास महागाई भत्त्याची जोड नसते. त्यामुळे पहिल्या वर्षी पुरेसे वाटणारे निवृत्तिवेतन दहा वर्षांनी अपुरे पडते आणि तूट भरून काढण्यासाठी गाठीचा निधीच उरतो.

साखर कारखान्यांतील हंगामी कामगार : तेलगाव, गढी, परळी, अंबाजोगाई इ. ठिकाणांभोवती उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यांत कायम कामगारांबरोबर हंगामी कामगार असतात. गाळप साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. उरलेल्या काळात हंगामी कामगारास घरी राहावे लागते, परंतु त्याची सेवा राखून ठेवल्याबद्दल त्यास ठराविक प्रमाणात राखणावळ भत्ता मिळतो. कारखान्यांत तो ‘रिटेन्शन’ या नावानेच ओळखला जातो. १९५२ च्या कायद्याने हा भत्ता अंशदानासाठी वेतनात धरला. तसेच निवृत्तिवेतन योजनेत हंगामी कामगाराची वर्षातील प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी असली, तरी ती पूर्ण वर्षाची मानली जाते. या दोन तरतुदींमुळे हंगामी कामगार व्यवस्थेच्या आत राहिला.

अशा कामगाराने ऐच्छिक अंशदान ठराविक रुपयांत न सांगता टक्केवारीत सांगणे सोयीचे असते. हंगामात वेतन पूर्ण मिळत असता कपात आपोआप अधिक होते व बंद काळात केवळ राखणावळ भत्ता मिळत असता ती आपोआप कमी होते. रुपयांत सांगितलेली रक्कम बंद काळात भत्त्याच्या मानाने डोईजड होऊन अर्ज मागे घेण्याची वेळ येते. अवर्षणामुळे ऊस कमी पडून गाळप लवकर आटोपणे बालाघाटाच्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशात नवीन नाही. अशा वर्षी टक्केवारीच्या पद्धतीचा उपयोग विशेष जाणवतो.

शिक्षक, शासकीय व अन्य कर्मचारी : शासकीय कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी निराळ्या नियमांनी चालतो. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थांतील १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेले कर्मचारी सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीचे वर्गणीदार असतात. या निधीत शासन अंशदान देत नाही. निवृत्तिवेतनाची हमी वेगळी असते. वर्गणी वेतनाच्या किमान सहा टक्के असावी लागते व त्याहून अधिक किती द्यावी, हे वर्गणीदार ठरवितो. किमान वर्गणीपलीकडील हा भाग ऐच्छिकच असल्यामुळे ऐच्छिक बचतीचे तत्त्व शासकीय निधीत मुळापासून आहे, असे म्हणता येईल. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या निधीचे लेखे परिषदेच्या वित्त विभागाकडे, तर खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांचे लेखे जिल्ह्याच्या वेतन व भविष्यनिर्वाह निधी पथकाकडे असतात. वर्गणी वाढविण्याचा अर्ज मुख्याध्यापकामार्फत जातो व ‘शालार्थ’ या संगणकीय प्रणालीतील वेतन देयकात त्याची नोंद होते. या निधीवर एप्रिल २०२० पासून ७·१ टक्के व्याज दिले जात आले आहे. मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, आजारपण वा घरबांधणी यांसाठी परतावा अथवा ना-परतावा अग्रिम घेण्याची सोय असल्याने शिक्षकवर्गात हा निधी घरची पेटी मानला जातो.

१ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर सेवेत आलेल्यांना ही सोय मिळाली नाही. त्यांना प्रथम परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना व पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. तीत कर्मचाऱ्याच्या वेतनातून १० टक्के कापले जातात आणि शासनाचा हिस्सा प्रथम १० टक्के होता, तो नंतर १४ टक्के करण्यात आला. रक्कम बाजारातील रोख्यांत गुंतविली जात असल्यामुळे अखेरचे निवृत्तिवेतन आधी सांगता येत नाही. या बदलाविरुद्धचा असंतोष मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात प्रकट झाला. त्यानंतर २००५ नंतरच्या कर्मचाऱ्यांसाठी शासनाने सुधारित योजनेचा पर्याय पुढे आणला. एकाच शिक्षककक्षात बसणाऱ्या दोन शिक्षकांच्या म्हातारपणाची तरतूद केवळ नेमणुकीच्या तारखेवरून इतकी भिन्न व्हावी, हे या कालखंडाचे वैशिष्ट्य होय.

१९७१ पासून वीजनिर्मिती करणाऱ्या परळी येथील औष्णिक विद्युत् केंद्राचे कर्मचारी व राज्य परिवहन महामंडळाच्या आगारांतील कर्मचारी यांचे निधी त्या त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळांमार्फत चालविले जात आले आहेत. अशा सूट मिळालेल्या आस्थापनांनी सदस्यांना द्यावयाच्या सवलती केंद्रीय योजनेहून कमी असून चालत नाही. नगरपरिषदांतील ज्या कामगारांना अन्य निवृत्तिवेतन नाही, त्यांस १९५२ चा कायदा जानेवारी २०११ पासून लागू करण्यात आला. सफाई व पाणीपुरवठा यांकडील कंत्राटी कामगार त्यामुळे निधीच्या कक्षेत आले. ठेकेदाराने अंशदान न भरल्यास ते भरण्याची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर असते.

गुणदोष : ऐच्छिक निधीचे बलस्थान त्याच्या सुरक्षिततेत आहे. निधीतील रक्कम कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने जप्त होऊ शकत नाही. अधिक व्याजाचे आमिष दाखविणाऱ्या संस्थांशी तुलना केल्यास हे महत्त्व कळते. बीड जिल्ह्यात २०२३ पासून काही बहुराज्यीय पतसंस्थांतील ठेवी अडकल्या व निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी त्यांत ठेवणाऱ्या अनेक कुटुंबांवर आपत्ती ओढवली. दोन-चार टक्के अधिक व्याजासाठी मुद्दल धोक्यात घालण्याचा हा अनुभव ताजा असताना वेतनातून शांतपणे साठणाऱ्या निधीचे मोल अधिकच जाणवते.

उलटपक्षी काही मर्यादाही आहेत. निधीतील पैसा हवा तेव्हा हाती येत नाही. घर, शिक्षण, विवाह, आजार अशा कारणांसाठी व ठराविक अटींवर अंशतः रक्कम काढता येते. या अटी सुटसुटीत करण्याचा व सदस्याच्या खात्यात किमान २५ टक्के शिल्लक राहील असे पाहण्याचा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. डोक्यावर जबर व्याजाचे कर्ज असलेल्याने ते फेडण्यापूर्वी ऐच्छिक अंशदान सुरू करणे हिशेबात बसत नाही, कारण निधीचे व्याज सावकारी व्याजाची बरोबरी करू शकत नाही. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत अन्य बचतींसह वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अंशदानास ती मिळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याचे वार्षिक अंशदान अडीच लाख रुपयांहून अधिक असल्यास जादा रकमेवरील व्याज करपात्र ठरले. मालकाचे अंशदान नसलेल्या निधीसाठी ही मर्यादा पाच लाख आहे. सलग पाच वर्षांच्या सेवेपूर्वी रक्कम काढल्यास ती सामान्यतः करपात्र होते.

मालकाचे दायित्व : वेतनातून कापलेली रक्कम ही मालकाची नसून विश्वासाने त्याच्या हाती राहिलेली ठेव असते. ती कापून न भरणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणानुसार फौजदारी विश्वासघात मानला गेला व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद आहे. याशिवाय १९५२ च्या कायद्याने विलंबाच्या काळासाठी वार्षिक १२ टक्के व्याज आणि त्यावर नुकसानभरपाई बसविली. आस्थापना बुडाल्यास निधीची देणी इतर ऋणांच्या आधी फेडावी लागतात. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक विरुद्ध सहायक भविष्यनिर्वाह निधी आयुक्त या खटल्यात सहकारी साखर कारखान्याने बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवर पहिला हक्क कोणाचा, असा प्रश्न होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निधीची देणी बँकेच्या तारणहक्कापेक्षा श्रेष्ठ ठरविली. आजारी व बंद पडलेल्या कारखान्यांच्या मराठवाड्यात या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. तथापि हक्क मान्य होणे व पैसे हाती पडणे यांत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. वेतनचिठ्ठीत कपात दिसली, म्हणजे रक्कम जमा झालीच, असे गृहीत न धरता कामगाराने खात्यातील नोंद दर महिन्यास पाहणे, हाच सर्वांत स्वस्त बंदोबस्त होय.

वेतनपत्रकाबाहेरील श्रमिक : ऐच्छिक निधीत प्रवेश करण्याचे एकमेव दार वेतनपत्रक हे आहे, ज्याच्याकडे ते नाही, त्याची इच्छा व ऐपत असूनही त्यास आत येता येत नाही. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी इ. तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणारे ऊसतोड कामगार या वर्गात मोडतात. त्यांचा व्यवहार कारखान्याशी नसून मुकादमाशी होतो. पती-पत्नींच्या जोडीस ‘एक कोयता’ मानून हंगामापूर्वी उचल दिली जाते व तोडलेल्या उसाच्या वजनावर ती फेडली जाते. येथे मजुरी आधी मिळते व श्रम नंतर होतात. त्यामुळे महिनाअखेरीचे वेतन, वेतनचिठ्ठी व कपात या गोष्टींना जागाच उरत नाही. जोडीच्या हिशेबात स्त्रीच्या मजुरीची स्वतंत्र नोंदही होत नाही. नोकरदाराच्या बाबतीत पगारातून बचत आधी बाजूला होते, तर ऊसतोड कामगाराच्या बाबतीत हंगामाच्या कमाईतून ऋण आधी वळते होते. एकाच साखर कारखान्यात चरकाजवळ उभा असलेला हंगामी कामगार निधीचा सदस्य आणि त्या चरकास ऊस पुरविणारा तोडकरी मात्र त्याबाहेर, अशी ही रचना आहे.

या वर्गासाठी राज्य शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. वृद्धापकाळासाठी केंद्र शासनाची अटल निवृत्तिवेतन योजना (२०१५) आणि असंघटित कामगारांसाठीची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना (२०१९) याही स्वेच्छेच्या तत्त्वावर आहेत. दुसऱ्या योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या व दरमहा १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कामगाराने वयानुसार ५५ ते २०० रु. भरावयाचे, तितकेच शासनाने घालावयाचे आणि साठीनंतर दरमहा ३,००० रु. मिळावयाचे, अशी आखणी आहे. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेला सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी तर वेतन नसलेल्या कोणाही व्यक्तीस खुला आहे. परंतु या योजनांत रक्कम कापून भरणारा कोणी मालक नसतो. हप्ता बँकखात्यातून वळता होतो आणि उचल फिटेपर्यंत ज्याच्या खात्यात काही जमा होत नाही, त्याचा हप्ता खंडित होण्याचा संभव असतो. सहा महिने परजिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबास बँकेशी संपर्क ठेवणेही कठीण जाते.

ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधीच्या यशात नोकरदाराच्या निश्चयापेक्षा वेतन देण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे. नियमित वेतन, त्याची लेखी नोंद आणि कापलेली रक्कम वेळेवर भरण्याचे मालकावरील बंधन, या तीन गोष्टी असतील तेथे अल्प वेतनातूनही निधी साठतो. त्या नसतील तेथे योजना कितीही उदार असली, तरी ती कागदावर राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या वृद्धापकाळाचा प्रश्न म्हणूनच नवी बचतयोजना काढण्याने सुटणारा नसून त्याच्या मजुरीची नोंद कोणी व कोठे करावयाची, या मूळ प्रश्नाशी येऊन थांबतो.